भाग न जाणारे इस्माईलभाई

पोलादपूरच्या स्टँडवर महाडची गाडी उभी होती. सुटायची वेळ होऊन गेलेली. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलेलं, उतारू घामानं भिजलेले, आणि कंडक्टर मागच्या दाराच्या पायरीवर उभा राहून स्टँडभर ओरडत होता, "एक माणूस द्या रे! फक्त एक!"

जागा रिकामी होती म्हणून नव्हे. गाडी गच्च भरली होती. पण मोजली तेव्हा माणसं निघाली सेहेचाळीस, आणि सेहेचाळिसाला दोननं भाग जातो.

"बाळाराम, सोडू नको गाडी," कंडक्टर म्हणाला. "सेहेचाळीस हायत. फुटतात."

"मग काय करू? एकाला ढकलून देऊ?" ड्रायव्हर म्हणाला.

"ढकललास तर पंचेचाळीस. त्याला तीन फोडतो, पाच फोडतो, नऊ फोडतो. सत्तेचाळीस कर."

पुढच्या बाकावर कुडपणची एक म्हातारी टोपलीत कोंबडी घेऊन महाडच्या बाजाराला निघाली होती. ड्रायव्हरनं तिच्याकडे बोट केलं. "ती कोंबडी धर की सत्तेचाळिसावी."

"कोंबडीला अर्धं तिकीट. साडेसेहेचाळीस होतील. अपूर्णांक कधी मूळ असतो का रे?"

शेवटी उतारूंनीच उतरून स्टँडवरच्या चहावाल्याला किटलीसकट उचलून गाडीत घातला. त्याला महाडला काही काम नव्हतं. तो गाडीभर चहा विकत गेला आणि परतीच्या गाडीनं आला. पण सत्तेचाळीस झाले, डबल बेल पडली आणि गाडी हलली. दोन मैलांवर दोन माणसं उतरली. ड्रायव्हर म्हणाला, "झाले की पंचेचाळीस! आता?" कंडक्टर शांतपणे म्हणाला, "रस्त्यात काय व्हायचं ते होऊ दे. घरातनं निघताना माणसानं सरळ निघावं."

हे कंडक्टर म्हणजे आमचे शेजारी इस्माईलभाई, आणि ड्रायव्हर म्हणजे आमचे हे. दोघांची जोडी बरीच वर्षं एकाच गाडीवर होती. महाडला डेपोच्या मागे सात खोल्यांची एक ओळ आहे, तिथं आमची चौथी खोली आणि इस्माईलभाईंची पाचवी. त्यांना आधी चौथी मिळाली होती. त्यांनी आमच्याशी बदलून घेतली. चौथीची खिडकी मोठी, पाचवीची लहान, म्हणजे बदलीत मोठी खिडकी आमच्याकडे आली. एवढा तोटा सोसून ते आनंदात होते. "चाराला काय अर्थ हाय? दोन दुणे चार. पाच म्हणजे पाच."

त्यांचं हे वेड मी सांगते तसं सोपं आहे. ज्या आकड्याला एक आणि तो स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही, ती मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा अशा त्या पुढं कितीही जातात. इस्माईलभाई त्यांना नुसतं 'मूळ' म्हणत, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांचा एकच प्रश्न असे: "भाग जातो का?" नवी गाडी डेपोत आली की आधी तिचा नंबर बघणार. तिकीट फाडताना त्यावरचा आकडा मूळ निघाला तर उतारूला सांगणार, "सांभाळून ठेवा, मूळ हाय." बिचारा उतारू समजे की या तिकिटावर काहीतरी बक्षीस आहे. पोलादपूरच्या एका गृहस्थांनी असं तिकीट दोन महिने पाकिटात ठेवलं आणि मग डेपो मॅनेजरकडे जाऊन बक्षीस मागितलं.

विचारात असले की हातातला तिकिटाचा पंच टकटक वाजवायचे. भिंतीपलीकडून टकटक ऐकू आली की मला कळे, मोठा आकडा चालू आहे.

बाजारात अंडी घेतली तर अकरा किंवा तेरा. अंडीवाला म्हणे, "भाय, डझन घ्या ना, सोपं पडतं."

"डझनाला दोन फोडतो, तीन फोडतो, चार फोडतो, सहा फोडतो. कोणीही येऊन फोडावा असला आकडा घरात कशाला न्यायचा?"

या सगळ्याचा त्रास हमीदाभाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला. नवरा मासळी बाजारातून बांगडे आणणार तेरा. घरात माणसं तीन: ते, भाभी आणि मुलगी नसीम. प्रत्येकी चार झाले की एक उरायचा. तो तळून भाभी आमच्या दारात येत. "घे गो सुमन, बाकी आली." अकरा आणले तर दोन उरत. बाकीला आमच्याकडे नाव होतं, चव होती आणि बुधवार हा वार होता. यांनी बुधवारी कधी मासळी आणलीच नाही.

नसीम बापावर गेली होती. चार वर्षांची असताना डेपोत बापाच्या खांद्यावर बसून गाड्यांचे नंबर ओरडायची आणि बाप खालून म्हणायचा, "भाग जातो का?" ती म्हणायची, "तीननं!" पाच अंकी आकड्यांतला सगळ्यात मोठा मूळ आहे नव्व्याण्णव हजार नऊशे एक्याण्णव. त्याला बापलेकींनी नाव ठेवलं होतं 'शेवटचा थांबा'. कुठं जायला निघाली आणि भाभींनी विचारलं, "कुठवर चाललीस?" तर म्हणायची, "शेवटच्या थांब्यापर्यंत," आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून मीठ घेऊन यायची.

ती गणितात शिकली, भरपूर शिकली. इस्माईलभाईंनी पोलादपूरच्या एका शाळेत तिच्यासाठी शब्द टाकला, खेटे घातले, आणि गणिताच्या शिक्षिकेची नेमणूक हातात आणून ठेवली. नसीमनं ती वाचली आणि म्हणाली, "अब्बा, मला पुण्यात काम मिळालंय. कॉम्प्युटरच्या कंपनीत."

इस्माईलभाई कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले. त्यांचा कॉम्प्युटरवर राग होता. बँकेत एक आला होता, तो त्यांनी पाहिला होता. "बटण दाबलं की उत्तर! त्यात मेहनत कुठं हाय? पोरं भागाकार शिकतील म्हणून तुला शिकवली, आणि तू मशीनला शिकवायला चाललीस?"

"मशीनलाही सगळं येत नाय अब्बा."

"मग जा. त्याला येईपर्यंत परत येऊ नको."

रागात माणूस काहीही बोलतो. पण इस्माईलभाईंचं असं की बोललेल्या वाक्यालाही त्यांच्या भाग जात नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीम बॅग घेऊन पुण्याच्या गाडीत बसली. गाडी वरंध घाटानं भोरवरून जाणारी. तिला ठाऊक नव्हतं, पण त्या दिवशी ड्यूटी बदलून यांची आणि इस्माईलभाईंची जोडी त्याच गाडीवर आली होती. हे सांगत होते, "तिकीट तिकीट करत तो तिच्या बाकापाशी आला. ती म्हणाली, 'पुणे एक.' यानं भाडं जुळवून तीन-चार तिकिटं फाडली, पंच केली, हातात दिली. बघितलंन पण नाय. नि मग अख्खा घाट मागं उभा राहून एकच आकडा पुटपुटत होता. वरच्या तिकिटाचा असणार. मला वळणावर हॉर्न द्यायचा की याचा आकडा ऐकायचा?"

"कुठला आकडा?" मी विचारलं.

"आता आठवतोय थोडाच? होता काहीतरी."

त्यानंतर वर्षभर पाचव्या खोलीत नसीमचं नाव निघालं नाही. बांगडे तेराच येत. दोघांत सहा सहा, आणि एक बाकी आमच्याकडे. भाभी ती दारात ठेवून लगेच परत जात.

मग एक दिवस पोस्टकार्ड आलं. आमच्या ओळीत पोस्टकार्ड म्हणजे सगळ्यांचं. पोस्टमन येता येता वाचून येतो आणि दारात पोचेपर्यंत मजकूर पोचलेला असतो. पण या कार्डावर तो अडकला. त्यावर दहा अंकी आकडा होता आणि खाली चार ओळी. त्यानं मोठ्यानं वाचल्या म्हणून मलाही ऐकू आल्या.

"अब्बा, १०४२६०६१५७. दोन मूळ गुणून हा केलाय. आमच्या कंपनीत असेच आकडे असतात, पण शंभर शंभर अंकी. ते मशीनलाही फुटत नाहीत, म्हणून त्यांचंच कुलूप करून आम्ही लोकांची पत्रं बंद करतो. हा तुम्ही फोडा. फुटला की त्यातला लहान मूळ मला फोनवर सांगा. मग मी घरी येईन." खाली फोन नंबर.

इस्माईलभाईंनी कार्ड घेतलं, वाचलं, खिशात ठेवलं आणि ड्यूटीवर गेले.

कुलपाचं ते काय, हे भाभींना कळेना. संध्याकाळी इस्माईलभाईंनी ओट्यावर बसून समजावलं आणि मी आतून ऐकलं. चाप दाबला की बसणारं कुलूप असतं ना, तसं ते. उघडं कुलूप चावडीवर टांगून ठेवलं तरी चालतं. कुणीही यावं, आपलं पत्र पेटीत टाकावं, चाप दाबावा. लावायला किल्ली लागत नाही. उघडायला मात्र लागते, आणि ती एकाकडेच. इथं कुलूप म्हणजे तो मोठा आकडा आणि किल्ली म्हणजे आतले दोन मूळ. आकडा सगळ्या जगाला दाखवा, काही बिघडत नाही.

"पण आकडा दिला म्हणजे आतले दोघं पण दिलेच ना?" भाभी म्हणाल्या.

"मग काढून दाखव."

मी मनात म्हटलं, हे तर तांदूळ नि डाळीसारखं. एकत्र करायला एक पळ पुरतो, निवडायला दिवस जातो.

आमची सगळी ओळ निवडायला बसली. पीसीओवाल्यानं कॅल्क्युलेटर काढला, त्यात आठच अंक बसत. दोघाचौघांनी आकडा मटक्याचा समजून पोस्टमनकडून उतरून घेतला. आमचे हे म्हणाले, "आकडा सातानं संपतोय, म्हणजे सातानं जाणार," आणि सातानं भागत बसले. गेला नाही तेव्हा कागद चुलीत घातला. आठवड्याभरात सगळे थकले. राहिले फक्त इस्माईलभाई, पलीकडं टकटक करत.

मी यात कशी आले ते सांगते. एका सुट्टीच्या दिवशी ते यांच्याकडे येऊन बसले होते आणि म्हणत होते, "बाळाराम, एकट्यानं होत नाय रे. दोनपासून चढत जायचं. एकेक मूळ घ्यायचा, भागून बघायचं. नुसतं भाग तू, हे बघ, एकशे तीननं." यांनी पेन्सिल घेतली आणि गाडीचा ब्रेक बघायचा राहिला म्हणून निघून गेले. कागद ओट्यावर तसाच. मी चौथी शिकले आहे. भागाकार शिकवून झाला आणि माझी शाळा संपली, त्यामुळे तो अजून ताजा आहे. इस्माईलभाई पाणी प्यायला घरात गेले तेवढ्यात मी दाराआडून हात घालून कागद ओढला, भागून पाहिलं आणि परत ठेवला. मी पुरुषमाणसांशी बोलत नसे. बायकांशीही कमीच.

ते परत आले. कागद पाहिला. खाली बाकी लिहिलेली. "बाळारामचं अक्षर एवढं चांगलं कधी झालं?" असं म्हणाले आणि दाराकडं न बघता मोठ्यानं म्हणाले, "वैनी, बरोबर हाय."

दुसऱ्या दिवसापासून भाभी भाकरीच्या वेळी एक कागद घेऊन येऊ लागल्या. डेपोतला वापरलेला कागद, मागची बाजू कोरी, त्यावर तीन आकडे. त्यांनी त्या दहा अंकी आकड्याला भागायचं. खाली बाकी लिहायची. शून्य आलं तर कुलूप फुटलं. संध्याकाळी कागद परत. दुसऱ्या दिवशी त्यावर टिक करून नवे तीन. एकदा माझी बाकी चुकली तर त्यांनी शेजारी लिहिलं, "हातचा राहिला. डाळ करपली होती काय?" करपली होती.

मुळांत काही जोड्या असतात. अकरा नि तेरा, सतरा नि एकोणीस. मधे फक्त दोनचं अंतर. त्यांना इस्माईलभाई 'जुळी' म्हणत. ज्या दिवशी यादीत जुळी येत त्या दिवशी ते दोघांच्या डोक्यावर पेन्सिलीनं एकेक टोपी काढत आणि कागदाच्या पुडीत दोन लिमलेटच्या गोळ्या पाठवत. "जुळी झाली की तोंड गोड करतात," असं भाभींकरवी सांगत. जुळ्यांना ते कधी वेगळं करत नसत. एक शेवटाला येत असेल तर त्या दिवशी चार आकडे पाठवत, पण जोडी फोडत नसत.

असं सव्वा वर्ष चाललं. शंभर गेले, हजार गेले, पाच हजार गेले. शून्य काही येईना. मी पोळपाटाशेजारी पाटी ठेवली होती. हे म्हणत, "तुम्ही दोघं येडी हाव. तो कंडक्टर येडा, त्याला तू कंडक्टरीण."

मग एक दिवस भाभी बाकी घेऊन आल्या आणि ओट्यावरच बसल्या. "सुमन, मी तिच्याशी बोलते गो पीसीओवरनं. त्यांना म्हाईत नाय. दर वेळी एकच विचारते, 'आकडा फुटला?' मी म्हणते नाय. म्हणते, बरं. आता कंपनी तिला सिंगापूरला पाठवतेय. पुढच्या महिन्यात. दोन वर्षं. म्हणते, फुटला नाय तर अशीच जाईन."

"तुम्ही त्यांना सांगा ना," मी म्हटलं.

"सांगून काय? ते म्हणतील, हिशोब हिशोबानं होतो."

मी त्या दिवशी रोजचे सहा आकडे मागितले. भाभींनी निरोप दिला. इस्माईलभाईंनी तीनच पाठवले.

दोन दिवसांनी यादी आली. १०३९१, १०३९९, १०४२९. तिसऱ्या आकड्याच्या डोक्यावर टोपी काढलेली. सोबत पुडी, पुडीत दोन लिमलेटच्या गोळ्या.

मी तिन्ही भागाकार केले. बाक्या लिहिल्या. मग गोळी तोंडात टाकली आणि हात थांबला. गोळ्या दोन आहेत. टोपी एक आहे. जुळ्यातला दुसरा कुठं आहे?

दुसरा एक तर दोननं जास्त असणार, नाही तर दोननं कमी. जास्त म्हणजे १०४३१. त्याच्या अंकांची बेरीज नऊ, तीननं भाग जातो, तो मूळ नव्हे. म्हणजे कमीचा. १०४२७. इस्माईलभाईंच्या हातून जुळ्यातला एक सुटला? ज्यांच्या हातून पोलादपूरचा चहावाला सुटला नाही?

मी पाटी पुसली आणि भागायला बसले. वर नऊ बसला. अंक खाली घेतला, पुन्हा नऊ. पुन्हा नऊ. पुन्हा नऊ. शेवटचा सात तेवढा राहिला होता. तो खाली घेतला आणि समोर तोच आकडा उभा राहिला, १०४२७. एक वेळा गेला. खाली शून्य.

भाकरी तव्यावर काळी झाली. वर उत्तर होतं नव्व्याण्णव हजार नऊशे एक्याण्णव. शेवटचा थांबा.

हे जेवायला आले तेव्हा मी पाटी पुढं केली. "हा आकडा बघा. दहा हजार चारशे सत्तावीस."

यांनी घास खाली ठेवला. "अगो, हाच तो! घाटभर हाच म्हणत होता. दहा हजार चारशे सत्तावीस, दहा हजार चारशे सत्तावीस. त्या पोरीच्या तिकिटाचा!"

मला सगळं एकदम कळलं. नसीमनं ते तिकीट ठेवलं होतं. आणि ज्या माणसाला वाटेवरच्या उतारूंच्या तिकिटांचे आकडे पाठ असतात, तो आपल्या मुलीच्या तिकिटाचा आकडा कसा विसरेल?

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती. भाभी बाजारात गेल्या होत्या. मी कागद घेऊन स्वतः गेले. आधी तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले, मग गेले. इस्माईलभाई ओट्यावर बसून पंचाला तेल घालत होते. मला बघून ते उठून उभे राहिले, कोणी साहेब आल्यासारखे.

मी कागद पुढं केला. त्यांनी पहिली बाकी वाचली, मान हलवली. दुसरी वाचली, मान हलवली. तिसरी वाचली. मग चौथी ओळ.

"ही ओळ मी दिली नव्हती, वैनी."

"गोळ्या दोन होत्या, भाईजी," मी म्हटलं. "आकडा एकच होता."

त्यांच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. पंच टकटक वाजू लागला. बराच वेळ वाजला. कागदाच्या कडेला भोकं पडत गेली.

"कार्ड वाचलं तेव्हाच समजलं व्हतं," ते म्हणाले. "भागायला बसलो, सात मिनटं पण लागली नाय. तिकीट मी विसरन काय? त्या दिवशी फोन लावायचा तर डूटी व्हती. दुसऱ्या दिवशी वाटलं, ती म्हणंल, अब्बा, फुटला कालच असंल, आज का फोन? तिसऱ्या दिवशी तर जास्तच वाटलं. दिवस वाढले तशी लाज वाढली. मग म्हटलं, दोनपासून चढत जाऊ. धा हजारावर पोचंपर्यंत राग उतरंल."

"नसीमचा?"

"माझा. तिला कधी व्हता?" ते कागदाकडं बघत म्हणाले. "नि पोचलो तर थांबाच गाळला. एकतीस वर्षं डूटी केली वैनी. मुसळधार पावसात, दरड पडलेली असताना. थांबा कधी गाळला नव्हता."

मी जायला वळले होते. पण एवढं बोलले होते तर आणखी एक वाक्य बोलले. "ती सिंगापूरला चाललीय. पुढच्या महिन्यात. भाभींना म्हणाली, फुटला नाही तर अशीच जाईन."

पंच थांबला. इस्माईलभाईंनी आत जाऊन ड्यूटीची टोपी घातली, सुट्टीचा दिवस असून. मग आमच्या दारात उभे राहून यांना हाक मारली. "बाळाराम, चल. फोन लावायचा हाय. मला एकट्याला जमणार नाय."

पीसीओत काय झालं ते यांनी सांगितलं. "नंबर मी फिरवला. तिकडनं 'हॅलो' आलं. हा म्हणाला, 'दहा हजार चारशे सत्तावीस.' मग म्हणाला, 'दुसरा शेवटचा थांबा.' नि रिसीव्हर माझ्या हातात दिलान. म्हणाला, 'तू बोल आता.' मी काय बोलू? तिकडं ती रडतेय, हिकडं हा रडतोय, नि पीसीओवाला विचारतोय, 'फुटला काय हो? किती निघाले?'"

पुढच्या आठवड्यात दोघांनी ड्यूटी बदलून पुण्याची गाडी मागून घेतली. येताना पुण्याच्या स्टँडवर नसीम चढली आणि म्हणाली, "महाड एक." हे सांगतात की त्या दिवशी इस्माईलभाईंनी उतारू मोजलेच नाहीत. भोरला यांनी मुद्दाम विचारलं, "किती भरले रे?" तर म्हणाले, "भरले असतील. सोड गाडी."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. इस्माईलभाई सकाळी मासळी बाजारातून आले. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. पिशवी हातात घेऊन भाभींनी बांगडे मोजले आणि म्हणाल्या, "बाराच? डझन आणलंत तुम्ही?"

"मग?" इस्माईलभाई चिडल्यासारखं म्हणाले. "तिघांत भाग जायला नको?"

दुपारी हे जेवायला बसले. पानात भात नि आमटी. इकडं तिकडं बघत म्हणाले, "आज बुधवार ना? बाकी नाय आली?"

"नाही," मी म्हटलं. "भाग गेला."